मधलं नाव

पुएर्तो अमारो
२४ ऑक्टोबर १९९८

बाबा, जय भीम.

पाकिटावर स्वतःचं नाव बघून दचकू नका. आईच्या नावानं टाकलं असतं तर तिनं धाकट्या अमृताकडून वाचून घेतलं असतं, आणि तुम्ही ओट्यावर बसून न ऐकल्यासारखं करत सगळं ऐकलं असतं. त्यापेक्षा सरळ तुम्हालाच लिहितो. वाचा, नाहीतर चुलीत घाला.

पोचलो. तीन विमानं बदलली. कोस्ता मोरेना हा देश दक्षिण अमेरिकेच्या वरच्या कडेला आहे, शाळेतल्या नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल एवढा. सावळेराम सर भेटले तर सांगा, इथं बेसबॉल म्हटल्यावर 'म्हणजे काय रे' असं कुणी विचारत नाही. सर नारायणगावच्या मैदानात आम्हाला हा खेळ शिकवायचे तेव्हा येणारेजाणारे विचारायचे, ही क्रिकेटची स्टंपं कुणी चोरली. इथं म्हाताऱ्या बायासुद्धा कालच्या सामन्यावरून भांडतात. सहा संघ आहेत, हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. आमचा संघ पेस्कादोरेस, म्हणजे कोळी. मी पिचर, चेंडू टाकणारा. पुण्याच्या शिबिरात इथल्या कोचनं माझा हात बघितला आणि मला निवडलं, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही विचारलं नव्हतं, पण भिंती काय जाड नाहीत आपल्या.

आता एक गंमत. काल खेळायचा शर्ट मिळाला. पाठीवर मोठ्या अक्षरांत नाव छापतात. माझ्या पाठीवर 'हनुमंत' छापलंय. रोकडे नाही, संघर्ष नाही. नुसतं हनुमंत.

झालं असं, की फॉर्मवर नावाचे तीन रकाने होते. पहिलीपासून जे तीन रकाने भरत आलो तेच समजून मी भरले: संघर्ष, हनुमंत, रोकडे. पण इथल्या माणसाला दोन आडनावं असतात, आधी बापाचं, मग आईचं. त्यांनी मधला रकाना आडनाव धरला. म्हणजे मी सेन्योर (आपल्याकडचं श्री.) हनुमंतचा मुलगा, आणि आई माझी रोकडे घराण्यातली.

मी मुद्दाम लिहिलं असं समजू नका. बक्षीस समारंभात मी तुमचं नाव गाळलं, तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. त्याची भरपाई वगैरे काही नाही ही. तोंडाला टाळता येतं, हाताला सवय असते, एवढंच.

आईला सांगा जेवण बरं आहे.

संघर्ष रोकडे


१९ नोव्हेंबर १९९८

बाबा, जय भीम.

पहिलं पत्र पोचलं असेल. उत्तराची वाट बघत नाही, तुम्ही लिहिणार नाही हे मला माहीत आहे. पण आईला काळजी असेल म्हणून कळवतो.

माझं लई छान चाललंय. एकही सामना असा नाही की मला मैदानात बोलावलं नाही. मी बाहेर आलो की लोक उभे राहतात. माझा फोटो शहरातल्या भिंतींवर लागलाय, बसच्या मागं पण आहे. क्लबचे प्रेसिडेंट दोन फेर्मिन म्हणून आहेत ('दोन' म्हणजे आपल्याकडचं राव), त्यांची साबणाची कंपनी आहे, ते तर माझ्यावर फारच खूश आहेत. खोली मैदानातच दिली आहे, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली, म्हणजे चालायचे कष्ट नाहीत. पासपोर्ट क्लबच्या तिजोरीत सांभाळून ठेवलाय. सगळ्याच परदेशी खेळाडूंचा ठेवतात.

'ह' यांच्या जिभेला येत नाही. म्हणून लोक मला आनुमान म्हणतात. आपल्या मराठीतलं अनुमान, म्हणजे अंदाज. अमृताला सांगा, हसेल ती.

येडगावच्या धरणाला यंदा पाणी किती? डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं का? सहज विचारलं.

संघर्ष रोकडे


६ डिसेंबर १९९८

बाबा,

आज सहा डिसेंबर. तुम्ही दादरला गेला असाल, आई भाकरी बांधून घेऊन. मी इथं सकाळी भिंतीला टेकून बसलो होतो. बाबासाहेबांचा फोटो आणायचा राहिला, म्हणून दहाच्या नोटेएवढ्या कागदावर नुसता चष्मा काढला आणि समोर ठेवला. आजच्या दिवशी खोटं नको.

मागच्या पत्रात मी एकही वाक्य खोटं लिहिलं नव्हतं. खरंही लिहिलं नव्हतं.

दोन फेर्मिनच्या साबणाचं नाव 'एल इंदू' आहे. इथं भारतातल्या माणसाला, मग तो कुणी का असेना, हिंदू म्हणतात, आणि ह नसल्यामुळं इंदू म्हणतात. साबणाच्या कागदावर एक पगडीवाला बुवा हात जोडून बसलाय. दोन फेर्मिनला त्या चित्रासारखा जिवंत माणूस पाहिजे होता. म्हणून मी. पाचवा डाव संपला की मला गुलाबी सॅटिनची पगडी घालतात, वर मोराचं पीस, आणि मी मैदानात जाऊन लोकांत साबणाच्या वड्या फेकतो. लोक उभे राहतात ते वडी झेलायला. बसच्या मागं फोटो आहे तो साबणाच्या जाहिरातीचा. दीड महिन्यात माझ्या हातानं चेंडू कमी आणि साबण जास्त टाकलाय. चेंडू टाकायला एकदाच मिळालं, आणि त्या दिवशी असा मार खाल्ला की कोच माझ्याकडं बघेचना.

पहिल्या आठवड्यात मी सांगून बघितलं, की मी हिंदू नाही, बौद्ध आहे. दुभाष्या म्हणाला, "हो हो, बौद्ध इंदू." संपलं. छप्पन साली आजोबांनी जे सोडलं ते नातवाच्या डोक्यावर पगडीसकट बसवलंय. रागवा. मला राग येऊन येऊन आता थकवा येतो.

परत यायचं म्हटलं तर करार हंगामभराचा आहे आणि पासपोर्ट तिजोरीत. खोलीला खिडकी नाही, वर एक झरोका आहे, त्यातून फक्त लोकांचे पाय दिसतात. सामना नसेल त्या दिवशी पायही नसतात.

आता ते बक्षिसाचं. दोन वर्षं झाली, आपण दोघांनीही त्यावर झाकण ठेवलंय. आज मी काढतो.

सव्वीस जानेवारीची सकाळ होती. मी तुमच्याबरोबर कालव्यावर आलो होतो, आठवतं? पलीकडच्या बांधावरून चिमाजीअण्णांचा नातू, तिसरीत असेल, तुम्हाला ओरडला, "ए हनमा, दार उचल की." आणि तुम्ही म्हणालात, "व्हय जी." शेंबूड वाहत होता त्याचा, बाबा. तुम्ही पाटकऱ्याचे खाकी कपडे घालून वाकून त्या चारीचं दार उचललंत. दोन तासांनी शाळेच्या मैदानात माईकवर मला नाव विचारलं, राज्याच्या संघात निवड झाली म्हणून सत्कार होता. बक्षीस द्यायला गावचे पुढारी म्हणून चिमाजीअण्णाच. मी म्हणालो, संघर्ष रोकडे. तुम्ही मागं पिंपळाखाली उभे होतात ते मी बघितलं होतं. बघूनच म्हणालो.

घरी तुम्ही एकच विचारलं, "मधलं नाव कुठं गेलं?"

मी म्हणालो, "ज्या नावानं शेंबडी पोरं हाका मारत्यात ते मला नाय लावायचं."

तुम्ही ताटावरून उठला नाहीत. जेवण पुरं केलंत, ताट धुतलंत, पालथं घातलंत. त्या दिवसापासून माझ्याशी बोलला नाहीत. पासपोर्टच्या फॉर्मवर सही केलीत, तीही न बोलता. नारायणगावच्या स्टँडवर मला सोडायला सगळी आळी आली होती, तुम्ही ड्यूटी लावून घेतलीत.

मला तुमची लाज वाटली होती हे खरं. तुम्ही 'व्हय जी' म्हणालात त्याची. अजूनही वाटते. पण नाव गाळायला नको होतं.

संघर्ष


१२ जानेवारी १९९९

बाबा, जय भीम.

हे पत्र नीट वाचा. दोनदा वाचा. यात तुमच्याकडे काम आहे.

आधी चांगलं सांगतो, थोडंच आहे. तीन जानेवारीला आमच्या मुख्य पिचरचा खांदा निखळला आणि दुसरा तापानं पडलेला. कोचनं हात वर करून मला आत सोडलं. पगडीशिवाय. आठवा डाव, आम्ही एका धावेनं पुढं. मी तीन जणांना ओळीनं बाद केलं. लहानपणी कालव्याच्या या काठावरून दगडाला चिठ्ठी बांधून मी पलीकडं तुमच्याकडं टाकायचो, आईचा निरोप असायचा, जेवायला या, पाहुणं आलंय. तुम्ही झेलायचात. तस्सा हात टाकला. तिसरा बाद झाला तेव्हा सहा हजार माणसं ओरडायला लागली. आनुमान, आनुमान. मी मैदानाच्या मधोमध उभा, आणि एवढी माणसं तुमचं नाव घेतायत, आणि एकानंही आधी 'ए' लावला नाही. मला रडू आलं. लोकांना वाटलं जिंकल्याचं.

पाच दिवसांनी लीग बंद पडली. दोन फेर्मिनचा कारखाना बुडाला, तो देश सोडून गेला. बाकीचे मालकही हात झटकून मोकळे झाले. कोर्टाच्या माणसांनी तिजोरी फोडली, आमचे पासपोर्ट आमच्या हातात दिले. सगळे परदेशी खेळाडू तीन दिवसांत निघून गेले. मी अडकलो.

इथून जायला परवाना लागतो. परवान्याच्या कचेरीत एक बाई आहे, चष्म्याला दोरी बांधलेली. तिनं माझा पासपोर्ट आणि राहण्याचं कार्ड शेजारी शेजारी ठेवलं. पासपोर्टवर आडनाव रोकडे. कार्डावर आडनाव हनुमंत. ती म्हणाली, "देशात आला तो रोकडे. राहिला तो आनुमान. आनुमान आत आल्याची नोंद नाही, तर त्याला मी बाहेर कसा सोडू? आणि रोकडे आत आला, पण तो राहतो कुठं याची नोंद नाही."

मी म्हणालो, दोन्ही मीच. मधलं नाव बापाचं असतं आमच्यात.

"बापाचं आडनाव?"

"नाही, नाव."

"मुलाला स्वतःचं नाव असताना वर बापाचंही नाव? ते कशाला?"

मी नुसता पासपोर्ट पुढं सरकवला. आपल्याकडे हे कुणी विचारतच नाही. शेवटी तिनं विचारलं, आईवडलांचं लग्न झालंय ना नक्की. आईला हे सांगू नका.

तिला काय पाहिजे ते लिहितो. तुम्ही जुन्नरला जाऊन प्रतिज्ञापत्र करायचं, मराठीत आणि इंग्रजीत, सरकारी शिक्क्यासह. मजकूर असा: संघर्ष हनुमंत आणि संघर्ष हनुमंत रोकडे ही एकच व्यक्ती आहे, तो माझा मुलगा आहे, आणि हनुमंत हे माझं नाव आहे. तुमचीच सही पाहिजे. आईची चालत नाही, काकांची चालत नाही. सेन्योर आनुमाननं स्वतः सांगितलं पाहिजे. आपली वकिलात या देशात नाही, शेजारच्या देशात आहे, आणि परवान्याशिवाय मला शहराच्या पुलापलीकडं जाता येत नाही. फोन करायचा तर इथला बूथ दुपारी उघडतो, तेव्हा तुमच्याकडं मध्यरात्र, तिथला बूथ बंद.

परतीचं तिकीट एकतीस मार्चपर्यंत चालतं. व्हिसाही त्याच दिवशी संपतो. त्यानंतर मी बेकायदा. बेकायदा माणसाला इथं आधी कोठडीत घालतात, मग नाव विचारतात.

ज्यानं तुमचं नाव लावायला नकार दिला त्याच्यासाठी तुम्हाला शपथेवर सांगायचंय की ते नाव त्याचं आहे. मला कळतंय मी काय मागतोय. तरी मागतो.

संघर्ष


२६ फेब्रुवारी १९९९

बाबा,

अमृताचं पत्र आलं. तुमचं नाही.

ती लिहिते, 'बाबांनी पत्र वाचलं, घडी घालून खाकी शर्टाच्या खिशात ठेवलं आणि कालव्यावर गेले. आई रोज विचारते, ते काय बोलत न्हाईत. दर दोन दिवसांनी सुट्टी टाकून सायकलवर कुठं तरी जात्यात. विचारलं तर म्हणत्यात काम हाय.'

मी तिच्या पत्राचा कागद उलटापालटा करून बघितला, मागं तरी काही लिहिलंय का. नव्हतं.

तुम्हाला राग आहे तर तो मला लिहा. शिव्या द्या. पण कागद करा. एका सहीचं काम आहे, बाबा. जुन्नर काय लांब आहे? चिमाजीअण्णांनी हाक मारली तर धावत जाता, आणि पोटच्या पोरासाठी जुन्नरपर्यंत पाय उचलत नाही तुमचा? हे लिहून खोडणार होतो. खोडत नाही. राहू दे.

मी अजून पायऱ्यांखालच्या खोलीतच आहे. स्टेडियम कोर्टाच्या ताब्यात, मोठं फाटक कुलूपबंद. मैदान सांभाळणारा एक म्हातारा आहे, एल्पिदिओ. त्याच्याकडं छोट्या फाटकाची किल्ली असते. तो मला जेवायला देतो आणि मी त्याच्याबरोबर मैदानाला पाणी देतो. खेळ नाही, खेळाडू नाही, पण गवत जळू द्यायचं नाही म्हणतो. पहिल्या दिवशी त्यानं पाणी सोडलं तर एका अंगाला तळं आणि दुसऱ्या अंगाला कोरडं. मी सांगितलं, आधी लांबचं भिजवायचं, मग जवळचं, आणि धार मोठी ठेवायची नाही. त्यानं विचारलं कुठं शिकलास. म्हणालो, बापाकडून. तो सरकारी कालव्यावर पाटकरी आहे, सगळ्या गावाला पाणी तोच सोडतो.

एल्पिदिओनं नळ बंद केला. मग म्हणाला, "मोठा माणूस." तो आता रोज विचारतो, दोन आनुमानचं पत्र आलं का. दोन आनुमान. हनुमंतराव. मी म्हणतो, येईल.

कालव्याच्या या काठावरून चिठ्ठ्या टाकतोय. पलीकडं तुम्ही झेलताय का पाण्यात पडतायत, मला दिसत नाही.

संघर्ष


१५ मार्च १९९९

बाबा,

सोळा दिवस राहिले. हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा एक तर मी घरी असेन नाहीतर कोठडीत. तरी लिहितोय, कारण दिवसभर दुसरं काही नाही.

रोज सकाळी मैदानाला चक्कर मारतो. चारशे बारा पावलं. कडेनं भिंत आहे, तिच्यावर अजून माझा साबणाचा फोटो आहे, पाऊस लागून तोंड गेलंय, पगडी राहिली. काल परवान्याच्या बाईकडं गेलो. तिनं माझ्याकडं न बघताच विचारलं, "सेन्योर आनुमान?" मी म्हणालो, नाही आलं. ती म्हणाली, मी मुलाला हाक मारली, वडलांबद्दल नाही विचारलं.

इथं कुणी संघर्ष म्हणून हाक मारत नाही. पाच महिने झाले. आईच्या तोंडून ऐकावंसं वाटतं.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत नसेन तर माझी फिरवायची काठी आळीतल्या पोरांना देऊन टाका.

मागच्या पत्रात चिमाजीअण्णांवरून जे लिहिलं ते मागं घेतो.

संघर्ष


२७ मार्च १९९९

बाबा, जय भीम.

काल दुपारी एल्पिदिओ पायऱ्यांवरून धावत आला. सत्तरीचा माणूस, धाप लागलेली, हातात रजिस्टर पाकीट. म्हणाला, "दोन आनुमान!" मी उघडलं तर आत एक नाही, तीन प्रतिज्ञापत्रं. आणि तुमची चिठ्ठी. ती मी इथं उतरवून काढतो. तुमचीच तुम्हाला परत कशाला, असं म्हणाल. मला ती माझ्या हातानं लिहायची आहे.

'संघर्षास जय भीम. कागद पाठवले. उशीर झाला तो रागामुळं नाय. वकिलाकडं पहिल्याच दिशी गेलो. तो म्हनला, पोराचं नंतर, आधी तुमीच हनुमंत हाय हे शाबीत करा. माझ्या शाळंच्या दाखल्यावर हनमा. नोकरीच्या पुस्तकात हनमा. पगार हनमाचा. कागदोपत्री हनुमंत कुठंच न्हवता. माझ्या आयनं हनुमंत ठेवलं व्हतं, मास्तरनं दाखल्यावर हनमा लिवलं, फुडं सगळ्यांनी तेच चालवलं. मीबी चालवलं.

तुला पयलीत घातला तवा गुर्जींनी इचारलं, बापाचं नाव? मी म्हनलं हनुमंत लिवा. त्येनी लिवलं. माझं नाव पुरं असं त्या एकाच जागी व्हतं, तुझ्या नावाच्या मधी. तू गाळलंस तवा मला बोलता आलं नाय. राग न्हवता. काय बोलायचं तेच सुचंना.

कारकून म्हनला, दोन साक्षी आना, चाळीस वर्सं वळखनारे, नात्यातले नकोत. म्हून चिमाजीकडं गेलो. तो म्हनला, अरे हनमा, सहीच ना, आन इकडं. मी म्हनलं, आधी वाचा. मोठ्यानं वाचा. त्येनं वाचलं, श्री. हनुमंत भिका रोकडे यांस मी ओळखतो. येकदा अडकला. परत वाचायला लावलं. मग सही केली. दुसरी साक्ष कालव्यावरच्या जानकूची. पंधरा खेपा झाल्या जुन्नरच्या.

नोकरीच्या पुस्तकातबी दुरुस्ती टाकलीय. रिटायर व्हायला दोन वर्सं हायेत, व्हईल तवर.

चिमाजी अजून बांधावरनं हनमा म्हनूनच हाक मारतो. त्येच्या दोन हाका मला ऐकू येत नाहीत. तिसरी बरोबर येती. पाणी मात्र येळंवर सोडतो, पिकाचा काय गुन्हा.

आई बरी हाय. तू ये. हनुमंत भिका रोकडे.'

बाबा, मी ती चिठ्ठी एल्पिदिओला मोडक्यातोडक्या भाषेत वाचून दाखवली. तिसऱ्या हाकेपाशी त्यानं मला परत वाचायला लावलं.

आज सकाळी कचेरी उघडायच्या आधीच दारात होतो. बाईनं तिन्ही कागद वाचले. पहिल्यावर हनमा आणि हनुमंत एकच. दुसऱ्यावर साक्षी. तिसऱ्यावर मी. तिनं चष्मा काढला आणि विचारलं, "मुलाचं नाव सिद्ध करायला बापानं आधी स्वतःचं केलं?" मी म्हणालो, हो. तिनं शिक्का मारला. उद्याच्या विमानात जागा मिळाली आहे. पत्राआधी मीच पोचेन, तरी टाकतोय. मी समोर आलो की तुम्ही बोलणार नाही आणि मलाही हे तोंडानं सांगता येणार नाही, म्हणून पत्र मागून येऊ दे.

तुमच्या 'व्हय जी' ची मला लाज वाटायची. तुमचं नाव जगात एकाच जागी नीट लिहिलं होतं आणि ते मी माईकवर सगळ्या गावासमोर पुसलं, हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. माफ करा म्हणायला जीभ रेटत नाही, पण माफ करा.

शर्ट आणतोय. तुम्हाला बसेल, खांद्यात जरा ढगळ होईल. घालू नका पाहिजे तर, आईकडं ठेवायला द्या.

नारायणगावच्या स्टँडवर यायची गरज नाही. मी पिशवी घरी टाकून सरळ कालव्यावर येतो. तुम्ही दाराशी असाल, पाठमोरे, खाली वाकलेले. पलीकडच्या काठावरून मी बाबा म्हणून हाक मारीन.

पहिल्या हाकेला वळा.

तुमचा,
संघर्ष हनुमंत रोकडे